जमिनीचा वाटा जमिनीला द्या

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईत शेकडो माणसे प्राणांस मुकली. १९९३ पासून पडून राहिलेल्या 'ब्रिमस्टोवॅड' या पर्जन्यजलवाहिन्यांच्या आराखड्याला त्यानंतरच गती मिळाली. नाले रुंदावले, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. तरीही २६ मे २०२५ रोजी, मोसमी पावसाच्या पहिल्याच दिवशी, वरळीचे नवे भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेले. कोट्यवधी रुपये खर्चूनही शहर तुंबते, याचे एक कारण आराखड्याच्या गणितातच दडलेले आहे.

ब्रिटिशकालीन वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना, आखलेल्या होत्या. आणि त्यातील निम्मे पाणी जमीन पिईल असे गृहीत होते. 'ब्रिमस्टोवॅड'ने पावसाचे मान ताशी ५० मिलिमीटरवर नेले आणि जमिनीचा वाटा शून्य धरला. म्हणजे वाहिन्यांवरील भार साडेबारावरून पन्नासवर, चौपट झाला. यातील दुपटीचे कारण पाऊस. उरलेल्या दुपटीचे कारण मात्र आपण जमिनीवर ओतलेले सिमेंट. ही दुसरी दुप्पट अटळ होती काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

याचे उत्तर अवघड तंत्रज्ञानात नाही. आवारभर पेव्हर ब्लॉक बसवण्याऐवजी सच्छिद्र फरसबंदी करावी. बागेचा वाफा उंच न बांधता आवाराच्या पातळीखाली ठेवावा, म्हणजे पाणी आपोआप तिकडे वळते. झाडाच्या बुंध्यापर्यंत आलेले काँक्रीट काढून आळे मोकळे करावे. गच्चीवर माती आणि हिरवळ राखावी; तेथील जास्तीचे पाणी थेट गटारात न सोडता टाकीत घ्यावे. हजार चौरस मीटरच्या आवारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पन्नास हजार लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे हे पाच टँकर आज काही मिनिटांत रस्त्यावर येतात.

मुंबईपुरती एक मर्यादा मान्य करावी लागेल. भराव टाकून मिळवलेल्या सखल भागात भूजल वरच असते. तेथे भर पावसाळ्यात पाणी मुरणार किती? अशा ठिकाणी मुरवण्यापेक्षा काही तास थोपवणे महत्त्वाचे, कारण भरतीच्या वेळी वाहिन्यांची मुखे समुद्राच्या पातळीखाली जातात. हिंदमाता परिसरासाठी बांधलेल्या भूमिगत टाक्या हेच करतात. २००५ सारख्या प्रलयापुढे हे उपाय तोकडे पडतील, हेही खरे. 'स्पंज शहर' होऊ पाहणाऱ्या चीनमधील झेंगझोऊत जुलै २०२१ मध्ये एका तासात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा ते शहरही बुडाले. पण मुंबईचे दरवर्षीचे हाल होतात ते अशा विक्रमी पावसाने नव्हे, तर नेहमीच्या मुसळधार सरींनी; आणि तेथे हे उपाय उपयोगी पडतात.

मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण मुंबईत २००२ पासून सक्तीचे आहे. परंतु परवानगीच्या वेळी कागदावर दाखवलेला शोषखड्डा दहा वर्षांनी गाळाने भरला आहे की नाही, हे दर पावसाळ्यापूर्वी पाहिले गेले नाही, तर सक्तीला अर्थ उरत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने वेगळा मार्ग धरला. तेथे व्यावसायिक व संस्थात्मक मालमत्तांना पर्जन्यजलाचे शुल्क द्यावे लागते. ते मुख्यतः पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात आकारले जाते आणि पाणी आवारातच जिरवणाऱ्याला सवलत मिळते. आपल्याकडेही मालमत्ता कराची सांगड अशा प्रत्यक्ष तपासणीशी घालता येईल. मात्र महापालिकेने आधी स्वतःची उद्याने, शाळांची मैदाने आणि पदपथ यांपासून सुरुवात करावी. एकीकडे रस्त्यांचे सरसकट काँक्रीटीकरण करून नागरिकांना माती राखण्याचा उपदेश करणे शोभणारे नाही.

हा प्रश्न अखेर न्यायाचा आहे. उंचावरच्या संकुलाने आपले आवार चकचकीत केले, की त्याचे पाणी उताराने कुर्ल्यातील वा शीवमधील तळमजल्याच्या खोलीत शिरते. एकाच्या सोयीची किंमत दुसऱ्याने भिजलेल्या धान्याने आणि वाहून गेलेल्या संसाराने मोजायची, ही व्यवस्था नाल्यांची रुंदी वाढवून बदलणार नाही. आपल्या आवारात पडलेल्या पावसाची जबाबदारी आपली, हे तत्त्व नियमात आणि आचरणात आले, तरच वाहिन्यांवर ओतलेला पैसा सत्कारणी लागेल.