पट्टायातली ‘जैन’ पाटी



परवा मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तोच प्रश्न आला. अमरावती-अकोल्याहून आणखी काही जणी थायलंडला निघाल्या आहेत आणि त्यांचा पहिलाच मेसेज होता, “पट्टायात चांगलं जैन रेस्टॉरंट कोणतं? नाव पाठवा.” अर्ध्या तासात सात नावं आली. कुणाला चार तारे, कुणाला साडेचार. तिथे भाजीत काय घालतात, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. मी नाव पाठवलं नाही. का पाठवलं नाही ते आज लिहिते. काही जणींना झोंबेल, पण लिहायलाच हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘जैन’ ही पाटी वाचून आपण निर्धास्त जेवायला बसतो, तेव्हा आपला नियम आपण पाटी लावणाऱ्याच्या हाती देऊन टाकतो. त्या पाटीला ना कायदा आहे, ना कुणाची तपासणी. आपल्या देशात पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण छापावाच लागतो, म्हणून आपल्याला खुणेवर विश्वास ठेवायची सवय लागली. ‘जैन’ या शब्दामागे तसं काहीच नाही. ज्याला गिऱ्हाईक हवं, तो लिहितो.

हे मी दुसऱ्यांना शिकवायला बसले नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडने आपल्याला बिनव्हिसाचं येऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडे जो-तो तिकडे निघाला. आम्हीही बावीस जणी गेलो. बी.कॉम. झालेली म्हणून हिशोब माझ्याकडे, आणि हिशोबासोबत जेवणाच्या जागा शोधायचं कामही. मी फोन उघडला, ‘पट्टाया जैन’ असं शोधलं, तारे पाहिले, फोटो पाहिले, ‘जैन उपलब्ध’ हे वाचलं आणि विषय संपवला. कॉलेजात शिकले होते की व्हाउचर पाहिल्याशिवाय खर्चाची नोंद करायची नाही. जेवणाच्या बाबतीत मी व्हाउचर न पाहताच सही केली.

तिसऱ्या दिवशी बेटावरून परत आल्यावर दुपारी अडीचला आम्ही त्या जागी जेवायला गेलो. मालक भारतीय, भिंतीवर गणपती, कार्डावर ‘जैन’चं अख्खं पान. त्यात एक होती थाई हिरवी करी, कंसात जैन. सगळ्यांनी हौसेने घेतली. मला दोन चमचे खाल्ल्यावर वास वेगळा लागला. मी उठून आत गेले आणि तिथल्या थाई मुलीला खुणेनेच विचारलं, हे कशाचं? तिने बिचारीने मसाल्याचं पाकीट माझ्या हातात दिलं. मागे बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं: लसूण, छोटे कांदे आणि कोळंबीची पेस्ट.

मालकाला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, मच्छी का पीस तो नहीं डाला ना?”

मी बाहेर येऊन सांगितलं. अकोल्याच्या एक काकू आमच्यासोबत होत्या, वय पंच्याहत्तर, तीस वर्षांपासूनचा कडक नियम. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले, डोळे मिटून णमोकार म्हटला आणि दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवास केला. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ते मला अजून लागतं.

बाकीच्या मात्र बोलल्या. मालकाला नाही, मला! “काहून दाखवलं वो ते पाकीट? खाऊन झालं होतं न? कळलं नसतं तं दोषही लागला नसता.” बसमध्ये बसेपर्यंत हेच. एक जण तर म्हणाली, “हिच्यामुळे सगळ्यांची ट्रिप खराब झाली.”

हे ‘कळलं नसतं तर’ आपल्या बायकांच्या तोंडी फार वेळा येतं, म्हणून त्याचा नीट विचार करू.

थायलंड बौद्ध देश आहे, तरी तिथले बहुतेक भिक्खू भिक्षेत आलेलं मांस घेतात. त्यांचा नियम असा की तो प्राणी आपल्यासाठी मारला हे पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं आणि तशी शंकाही नसावी. त्यांच्या नियमाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो भिक्षेवर जगणाऱ्यांचा नियम आहे. पण आपल्या आचार्यांनी दुसरी वाट धरली. आपण पाठशाळेत लहानपणी काय घोकलं? कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला संमती दिली, तिन्हींचा दोष सारखा. आम्ही पैसे मोजून, मागणी करून ते जेवण करवून घेतलं होतं. आणि विचारता येत असून विचारायचं नाही, याला अजाणतेपण कसं म्हणणार? आपल्या धर्मात त्याला प्रमाद म्हणतात.

आता वेळेचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, आणि डिसेंबरात पट्टायाला सूर्य सहाच्या आतच मावळतो. टूरच्या कागदावर संध्याकाळी शो आणि त्यानंतर ‘जैन डिनर’. म्हणजे रात्री नऊला! सूर्यास्तानंतर तीन तासांनी बिनकांद्याची पावभाजी खायची आणि वाढणाऱ्या पोऱ्याला चारदा बजावायचं, “भैया, जैन है ना?” त्या पोऱ्याने काय समजावं? ज्यांचा रात्रीभोजनाचा त्याग नाही, त्यांनी खुशाल जेवावं, ज्याची-त्याची शक्ती. पण मग त्या जेवणाला जैन म्हणू नये. आमच्या बावीस जणींत सहा जणींचा त्याग होता. त्या रोज रात्री खोलीत बसायच्या आणि बाकीच्या म्हणायच्या, “परदेशात चालतं हो.” जेवण साडेपाचला ठेवा आणि शो मागून पाहा, हे टूरवाल्याला ठणकावून सांगायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मी सांगितलं. तो लगेच हो म्हणाला. आपण मागितलंच नव्हतं, तर तो देणार कसा?

चौथ्या दिवशी सकाळी मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी पायी निघालो. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीने नाक्लुआच्या जुन्या बाजाराकडे जायला सांगितलं होतं आणि एक अक्षर कागदावर काढून दिलं होतं. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगाचं ते अक्षर आम्ही शोधत गेलो. ते वाचायचं ‘जे’. तिथल्या चिनी वंशाच्या बौद्धांचं हे व्रताचं जेवण: मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही आणि कांदा-लसूणही नाही. दरवर्षी नऊ दिवस, बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास, हजारो लोक ते व्रत पाळतात. फुकेतचा त्यांचा उत्सव तर जगात प्रसिद्ध आहे. काही दुकानं मात्र बाराही महिने ‘जे’च असतात.

एका म्हाताऱ्या बाईचं दुकान होतं. पाच-सहा पातेली मांडलेली. मी फोनवर थाई भाषेत लिहून आणलेली यादी तिला दाखवली: मुळा, गाजर, बटाटा, आलं, अळंबी खात नाही. तिने एकेका पातेल्याकडे बोट केलं आणि मान हलवली. हे नाही, हेही नाही, यात अळंबी, त्यात मुळा. राहिलं काय? चवळीच्या शेंगा आणि टोफू, लाल भोपळा, आणि पांढरा भात. पन्नास बाट. दहा दिवसांच्या प्रवासात एवढ्या निश्चिंत मनाने मी दुसरीकडे कुठे जेवले नाही. जिच्या दुकानावर जैन हा शब्द नव्हता आणि जिने तो आयुष्यात ऐकलाही नसेल, तिने विकायला ठेवलेल्या निम्म्याहून जास्त पदार्थांना आपण होऊन नाही म्हटलं. माझ्या लेखी चांगलं रेस्टॉरंट ते, जिथे विचारल्यावर ‘नाही’ असं खरं उत्तर मिळतं.

लगेच सगळ्या ‘जे’च्या मागे धावू नका बरं. ते आपलं शुद्ध जेवण नव्हे. त्यांना मुळा, बटाटा, गाजर चालतं आणि अळंबी तर त्यांची आवडती. थाई करीत आणि तॉम याम सूपमध्ये आल्यासारखा एक कंद असतोच, म्हणून ते दोन्ही सोडूनच द्यावेत. शिवाय ही दुकानं बहुधा सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत आवरतात. आपल्याला ते बरंच आहे.

आणखी एक शब्द ऐकाल, ‘मांगसाविरत’. ऐकून कान टवकारले ना? आपलाच ‘मांसविरती’ तो! त्यांचा जेवणासाठीचा ‘आहान’ हा शब्दही आपला आहार. पण शब्द आपला म्हणून जेवण आपलं होत नाही. त्यात अंडी आणि कांदा-लसूण असू शकतात. तीन-चार वाक्यं मात्र जरूर पाठ करा. ‘माई साई’ म्हणजे घालू नका. ‘माई साई नाम प्ला’, माशाचं पाणी घालू नका. ते त्यांच्याकडे मिठासारखं सगळ्यात पडतं. ‘माई साई कापि’, कोळंबीची पेस्ट नको. ‘माई साई खाई’, अंडं नको. बटाट्याला ते ‘मन फरंग’ म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा कंद. आणि संध्याकाळी लवकर जेवायचं कारण समजावणं तिथे मुळीच कठीण नाही. त्यांचे भिक्खू दुपारी बारानंतर जेवतच नाहीत. सूर्य दाखवून ‘नको’ म्हटलं तर ते हसत नाहीत. आपल्याच बायका हसतात.

आता दोन आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत.

पहिला: “एवढं आहे तर जाताच कशाला? शास्त्रात दिग्व्रत सांगितलंय.” सांगितलंय, खरं आहे. पण दिग्व्रत ज्याचं त्याने स्वतःहून घ्यायचं असतं, सुनेला दिलेला तो हुकूम नव्हे. घरचे पुरुष धंद्यासाठी बँकॉक-हाँगकाँग करून येतात तेव्हा दिग्व्रताची आठवण कुणाला होत नाही. बायका निघाल्या की पोथी उघडते. आणि ज्यांना व्रतांची आठवण येते, त्यांनी त्याच यादीतलं भोगोपभोग परिमाण व्रतही वाचावं. चाळीस पदार्थांचं ‘जैन बुफे’ त्यात कुठे बसतं?

दुसरा: “सोबत आपला महाराज घेऊन जावं.” वयस्कर, व्रती माणसं असतील तर जरूर न्यावा. पण अशा टूरमध्ये आपल्याला सूर्यास्ताआधी वाढायला आणि पहाटे डबे भरायला तो माणूस रात्री किती वाजता कणीक मळतो, हे एकदा आत जाऊन बघा. तेही करवणंच आहे.

मग खायचं काय? खाकरे, दशम्या, जवसाची चटणी, मेतकूट, भाजलेलं सातूचं पीठ, एवढं पिशवीत असलं की सकाळ-संध्याकाळ निघते. भात जागोजागी मिळतो, मात्र साधा पांढराच मागा. फळांना तर तोटा नाही: केळी, पेरू, पपई, शहाळं. फळं आपल्यासमोर चिरून घ्या. दिवसातून एक जेवण बाहेर, तेही विचारून. मी परतले तेव्हा माझं काही कमी झालं नव्हतं, वजनही नाही.

आणि हे सगळं पट्टायापुरतंच आहे का? इथे अमरावतीत गिला वड्याच्या गाडीवर आपण उभ्या राहतो, तेव्हा चटणीत लसूण आहे का, हे किती जणी विचारतो? लग्नातल्या ‘जैन काउंटर’ची पळी शेजारच्या पातेल्यात जाताना पाहूनही आपण ताट पुढे करतोच ना? घरी सवय नसेल तर परदेशात जीभ उचलत नाही. त्या दिवशी ज्या मला बोलल्या, त्यांचा राग आता माझ्या मनात नाही. पाकीट आधी मागायला हवं होतं, ताट वाढण्याआधी. ते मी केलं नाही, आणि काकूंचा उपवास माझ्या खात्यावर आहे.

म्हणून निघालेल्या मैत्रिणींना माझ्याकडून नाव मिळणार नाही. आज मी नाव दिलं तरी उद्या तिथला आचारी बदलेल, पाकीट बदलेल. त्याऐवजी तुमच्यातल्या एकीला हे काम द्या की तिने रोज आत जाऊन विचारायचं. आणि ती बाहेर येऊन “उठा, हे आपलं नाही” म्हणाली, तर तिच्यावर चिडू नका. उठा.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण मत मागे घेत नाही.