अश्लीलतेचा परवाना कोणाच्या हाती?

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठच्या अवर्षणग्रस्त मुलखात उसाचे राज्य सुरू झाले. सुमारे 117 टीएमसी पाणी साठविणाऱ्या या जलाशयाने करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील कित्येक गावांच्या जमिनी पोटात घेतल्या. ज्यांचे गेले त्यांच्या वाट्याला पुनर्वसनाचे हेलपाटे आले. ज्यांना पाणी मिळाले त्यांच्या हाती रोख पैसा आला. हा पैसा कारखान्यात, पतपेढीत आणि निवडणुकीत खेळतो, तसाच करमणुकीच्या बाजारातही खेळतो. जत्रेतील फड असो की पुणे-सोलापूर महामार्गावरील मोडनिंबची लावणी कला केंद्रे, तेथे नाचणारी स्त्री या पैशावर जगते; मात्र त्या पैशावर तिचा अधिकार किती, हे कोणी विचारीत नाही. तिच्याविषयी सभ्य समाज एकच प्रश्न विचारतो: तिचे नृत्य श्लील की अश्लील?

हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. बंदीने हजारो कलावंतांची चूल विझली, तेव्हा त्यांनी सरकारदरबारी धाव घेतली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली, आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला पुन्हा उभे राहण्याची मुभा मिळाली. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सुधारणा करणारे एका समाजातून आले होते, सुधारले जाणारे दुसऱ्या. ज्या कोल्हाटी, महार, मांग स्त्री-पुरुषांनी ही कला पिढ्यान् पिढ्या अंगाखांद्यावर वागविली, त्यांच्या शब्दाला काय म्हणावे आणि हावभावाला काय म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती कधीच नव्हता.

अश्लीलतेला जात असते, तसा वर्गही असतो. महाराष्ट्र सरकारने 2005 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी घातली. त्याच दुरुस्तीतील 33-ब या कलमाने तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने मात्र मोकळे ठेवले. म्हणजे तेच गाणे, तीच पावले; स्वस्त बारमध्ये ती समाजाला भ्रष्ट करतात आणि तारांकित हॉटेलात ती संस्कृती होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निर्णय उचलून धरला. तरीही सरकारने 2014 मध्ये दुसरी दुरुस्ती केली आणि 2016 मध्ये नवा कायदा आणला. त्यातील कित्येक अटी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मोडीत काढल्या. अश्लील नृत्याची व्याख्या मात्र शाबूत राहिली. या चौदा वर्षांत ज्या स्त्रियांचा रोजगार गेला, त्यांना भरपाई देण्याचा विचार एकाही विधेयकात नव्हता. नीतीचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर शासनाने असे परस्पर देऊन टाकले.

रंगमंचाचा हा न्याय पडद्यालाही लागू आहे. शरीराकडे आणि कामभावनेकडे निकोप दृष्टीने पाहू इच्छिणारा स्वतंत्र चित्रपटकार आज कोणत्या अवस्थेत आहे? चित्रकारांपुढे विवस्त्र बसून पोट भरणाऱ्या स्त्रीची कथा सांगणारा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ 2017 मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या भारतीय विभागासाठी परीक्षकांनी निवडला होता. केंद्रीय मंत्रालयाने तो परस्पर वगळला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. त्याच चित्रपटाला पुढे एकही काटछाट न करता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला परिनिरीक्षण मंडळाने प्रमाणपत्र नाकारले, अपिलीय न्यायाधिकरणामुळे तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचू शकला. हे न्यायाधिकरणही 2021 मध्ये केंद्र सरकारने मोडीत काढले. आता मंडळाशी मतभेद झाला की थेट उच्च न्यायालय. ज्याच्यामागे मोठी निर्मितीसंस्था आहे तो वकील उभा करील आणि सहा महिने थांबेल. उसनवारी करून चित्रपट काढणाऱ्याचे कर्जाचे व्याज सहा महिने थांबत नाही. कात्री सर्वांसाठी सारखीच असते, असे म्हणणाऱ्याने हा साधा हिशेब एकदा मांडून पाहावा. जो गरीब आहे तो कात्री लागण्याआधीच स्वतःला कापून घेतो, आणि त्याची नोंद कोणत्याही मंडळाच्या दप्तरात होत नाही.

शिवाय या कात्रीने अश्लीलता कमी झाली, असाही पुरावा नाही. कात्री सरळ बोलणाऱ्याला पकडते आणि द्व्यर्थी बोलणाऱ्याला सोडते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने 1972 मध्ये स्त्री-पुरुष संबंधांतील हिंसा उघड दाखविली, तेव्हा त्यावर बंदी आली आणि कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याच काळात सूचक विनोदावर चालणारे चित्रपट महिनोन्महिने थिएटरांत गर्दी खेचीत होते. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय आणि स्वच्छ मराठीत लिहिले, म्हणून त्यांच्यावर खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले. तरी कर्व्यांना दंड झालाच. चोरून कुजबुजणाऱ्या समाजाला उघड बोलणाऱ्याचीच भीती वाटते, हे तेव्हाही खरे होते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो प्रतिगाम्यांचा नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे याच करमाळा तालुक्यातले. त्यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने 1994 मध्ये नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर जगणारे पुरुष, कोवळ्या मुलींचा सौदा आणि बापाचे नाव नसलेल्या मुलांचे दुःख महाराष्ट्रापुढे ठेवले. हे वाचल्यावर या कलेची मोकळीक म्हणजे शोषणाचीच मोकळीक, असे एखाद्या कार्यकर्त्याला वाटले तर नवल नाही. परंतु काळे यांनी जे दाखविले त्यातले नृत्यामुळे काय घडले आणि स्त्रीला दुसरा आधारच नव्हता म्हणून काय घडले, हे वेगळे करावयास हवे. संहिता तपासणाऱ्या मंडळाने त्या मुलीचा सौदा कधी थांबविला नाही. परवाना देणाऱ्याने तिचे वय किंवा तिचा हिस्सा विचारला नाही. उलट, जिचा धंदा कोणत्याही दिवशी बंद पडू शकतो, ती मालकाशी, पोलिसाशी आणि गावच्या पुढाऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही. बेकायदेशीरपणाची टांगती तलवार हेच तिच्या शोषणाचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

त्या स्त्रीला आपली कला आणि आपला देह यांविषयी स्वतःचे म्हणणे असते. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी संगीत बारीतील स्त्रियांना बोलते केले, तेव्हा त्यांच्या तोंडून विनोद, रसिकता, व्यवहार आणि वेदना सारेच बाहेर आले. केवळ दीन बळी किंवा केवळ मोहिनी, ही दोन्ही चित्रे बाहेरच्यांनी काढलेली होती.

समाजवादी चळवळीलाही येथे आत्मपरीक्षण चुकणार नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तमाशाचा बाज घेऊन लोकप्रबोधन केले. निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत त्यातून घडले. बाज घेतला, तो सांभाळणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न मात्र फडातच राहिला. ऊसतोडणी मजुराच्या दराचा करार व्हावा, यासाठी संघर्ष करणाऱ्या चळवळीला त्याच शिवारात रात्री नाचणाऱ्या मजुराचा करार कधी सुचला नाही. कारण तिचे काम काम नसून दोष आहे, हे चळवळीनेही मनोमन मान्य केले होते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये एका रिसॉर्टवरील छाप्याचा गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणे एवढ्यानेच अश्लील कृत्य ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. जी गोष्ट न्यायालयाला समजते ती पुरोगाम्यांना समजावयास अडचण नसावी. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. नाटक-तमाशाची संहिता आधी तपासण्याची पद्धत रद्द करावी. चित्रपट मंडळाने वयोगट सांगावा, काटछाट करू नये. आणि त्याच्या निर्णयावर स्वस्त व जलद अपील पुन्हा उपलब्ध करावे. कला केंद्रात अल्पवयीन मुलीला उभे करणाऱ्यावर आणि परवानगीवाचून स्त्रीचे चित्रण करणाऱ्यावर कायद्याचा पूर्ण बडगा यावा. उत्पन्नातील हिस्सा लेखी ठरावा, आजारपण व म्हातारपणाची तरतूद असावी, आणि बैठक नाकारण्याचा तिचा हक्क मालकाला बंधनकारक असावा.

मोडनिंबच्या किंवा टेंभुर्णीच्या पक्षशाखेने या मागण्या तहसीलवर नेल्या तर काही भुवया उंचावतील. उंचावू द्याव्यात. देहाचे परवाने वाटण्याचा अधिकार सरकारकडे राहिला, तर तो शेवटी बळकटाच्याच उपयोगी पडतो; आणि कोणत्याही बळकटापुढे मान न झुकविता आपल्या अंगाचे, आवाजाचे आणि श्रमाचे मोल स्वतः ठरविता येणे, यालाच समाजवाद स्वातंत्र्य म्हणत आला आहे.