लाल डब्याचे पाटे

मंडळी, एस.टी.च्या खडखडाटावर आपण सगळ्यांनीच विनोद केले आहेत. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ते चालू असावेत! माझ्या मते मात्र हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही.

गाडीच्या चाकांवर पोलादी पाट्यांची चळत असते, मधोमध सेंटर बोल्ट, आणि यू-बोल्टांनी ती आसाला आवळलेली. एकच जाड पट्टी का नाही? नातवंडांना मी दोनशे पानी वही वाकवून दाखवतो. पानं एकमेकांवरून सरकतात, कडा तिरपी होते, वही सहज वाकते. तीच पानं खळीने चिकटवा, झाला पुठ्ठा. हिशेबच सांगायचा तर सारखे दहा पाटे मिळून एका पाट्याच्या दहापट ताठ, पण तेवढ्याच जाडीची अखंड पट्टी हजारपट! (मराठीच्या मास्तरला गणित येतं बरं का.) शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यात हादऱ्याची ताकद उष्णता होऊन विरते. उरलेलं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल करतं. पाट्यांत चिखल-गंज बसून ते जखडले, की सगळा दणका थेट आपल्या मणक्यात.

बॉडीचंही तसंच. पत्रे रिव्हेट-बोल्टांनी घट्ट बसलेले असले, की सांध्यात अगदी किंचित घसरण होते आणि थरथर तिथेच जिरते. बोल्ट सैल झाला की घासण्याऐवजी आपटणं सुरू. आपटून भोक मोठं होतं, बोल्ट आणखी सैल होतो. आपण ऐकतो तो खडखडाट म्हणजे हेच.

मागच्या आसापलीकडच्या शेवटच्या बाकावर उसळी सर्वात जास्त. तिथे कोण असतं? उशिरा चढलेली म्हातारी माणसं, दवाखान्यासाठी संभाजीनगरला निघालेली गरोदर सून.

नव्या गाडीला हार घालून फोटो निघतात, पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्या मेकॅनिकचा कुणी काढत नाही. असो. माझी सूचना साधी आहे. पाटे आणि बोल्ट शेवटचे कधी तपासले, ती तारीख प्रत्येक गाडीत दाराजवळ रंगवावी. प्रवाशालाही मग विचारता येईल. दिवाळीच्या गर्दीआधी, कन्नडच्या घाटातून चाळीसगावला उतरणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?