व्हिला बघताना जमीन बघा

चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याकडे निघालं की हल्ली तोरण्याच्या आधी फलकच दिसतात. व्हिला, फार्महाऊस, बंगलो प्लॉट. भोरकडे भाटघर धरणाच्या काठानेही तेच. पुण्यात फ्लॅटमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःचं अंगण हवंसं वाटावं, यात वावगं काहीच नाही. ‘घ्यावा का?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, जरूर घ्या. पण घर म्हणून नव्हे, आधी जमीन म्हणून घ्या. फ्लॅटमध्ये जमीन सगळ्यांची मिळून असते आणि गळती, रंगरंगोटी, पंप हे सारं सोसायटी बघते. व्हिलात खरं मोल जमिनीला, आणि निस्तरायचं सगळं आपल्यालाच.

म्हणून सॅम्पल व्हिलातला सोफा बघण्याआधी सातबारा मागा. जमीन बिगरशेती झाली आहे का? 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. शेतकरी असलात तरी ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकू न देणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आहेच. त्यातून पळवाट म्हणून एकाच गटाच्या उताऱ्यावर दहा-अकरा जणांची नावं चढवतात. रकान्यात एकाखाली एक नावं, आणि क्षेत्र मात्र सामाईक. तारेचं कुंपण घातलेले ते दोन गुंठे नेमके कुणाचे, हे त्या कागदावर कुठेच नसतं. पुढे कर्ज काढताना किंवा विकताना हेच आडवं येतं. तुकडेबंदीचे नियम अलीकडे काही भागांत सैल झालेत. पण ते आपल्या गटाला लागू आहेत का, हे एजंटाला नव्हे, तहसील कचेरीत विचारा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर आणखी सावध राहा. धरणांच्या या मुलखात पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीही असतात आणि त्या परवानगीवाचून विकता येत नाहीत. प्रकल्प 500 चौरस मीटरहून मोठा आणि घरं 8 हून जास्त असतील तर महारेराची नोंदणी हवीच. तो क्रमांक संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

दुसरी गोष्ट पाण्याची. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरकडे जातं, पानशेत-वरसगावचं पुण्याला. गॅलरीतून जलाशय दिसतो म्हणजे नळाला पाणी येईल असं नाही. धरणांच्या वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. इथला काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे बोअरचा भरवसा मे महिन्यातच कळतो.

आणि पाऊस. इथल्या जुन्या घरांची कौलारू छपरं चांगली उतरती, वळचणी लांब, पुढे पडवी. पावसाकडची बाजू आषाढाआधी पेंढ्याने झाकलेली. त्याच जागी आज सपाट गच्ची आणि भिंतभर काच उभी राहते. दुसऱ्याच पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यांत ओल उतरते. त्याहून गंभीर म्हणजे डोंगर कापून काढलेले प्लॉट. 30 जुलै 2014 ला याच जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. प्लॉटमागची दरड नुसती खरवडून सोडली आहे की पक्की भिंत आणि पाण्याला वाट दिली आहे, ते जुलैत भर पावसात जाऊन बघा.

जाताना कच्च्या रस्त्याचीही चौकशी करा. तो कुणाच्या शेतातून जातो, त्याची नोंद कुठे आहे आणि बिल्डर गेल्यावर त्यावर मुरूम कोण टाकणार? शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावर दहा मिनिटं बोललात तर निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. शिवाय तुम्ही तिथे राहायला गेलात, तर तुमचा पहिला शेजारी तोच असणार आहे.