पर्लकोटेला पूर येण्याआधी : गडचिरोलीसाठी आवाहन

पाऊस धरला की गडचिरोलीच्या दक्षिणेकडची कितीतरी गावे जगापासून तुटतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अडवायची, हे तिथे वर्षानुवर्षे चालत आले आहे. आडवाटेच्या गावात बाई अडली, तर तिला खाटेवर घालून चौघांच्या खांद्यावरून नाले ओलांडत न्यावे लागते. पावसाळा आता दारात आहे. म्हणून हे आवाहन आजच करायचे आहे आणि ते फक्त आरोग्यासाठी नाही, शांततेसाठीही आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. १९८० पासून हा जिल्हा माओवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांच्या, म्हणजे दलमच्या, आणि पोलिसांच्या बंदुकांमध्ये भरडला गेला. २००९ मध्ये लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची नावे तर राज्यातल्या किती जणांना ठाऊक असतील? आता बंदुकांचा आवाज कमी झाला आहे. पण शस्त्रे खाली ठेवली जाणे वेगळे आणि शांतता नांदणे वेगळे. दलम पहिल्यांदा या जंगलात आले तेव्हा त्यांनी तेंदूपत्त्याच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला, वनरक्षकांच्या जाचाविरुद्ध उभे राहिले आणि त्यातून पाय रोवले. सरकार म्हणजे दंड करणारा गार्ड, एवढीच ओळख तेव्हा अनेक माडिया आदिवासी कुटुंबांना होती. ती ओळख बदलायची संधी आज आहे. सुरजागडचे लोहखनिज नेणारे ट्रक या भागात पोहोचले. त्याच भागातल्या तापाने फणफणलेल्या लेकरापर्यंत तपासणीचा संच वेळेवर पोहोचतो का, यावरून लोक सरकारला जोखणार आहेत, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही.

हे शक्य आहे, कारण याच जिल्ह्याने ते जगाला करून दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधे उपकरण बनवले : मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला औषध हवे. दहापर्यंत मोजता येणारी निरक्षर सुईणही हे निदान करू शकते. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली गेली आणि ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच वाटेने घरोघरी जातात. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की उपकरण गावच्या बाईच्या हातात राहिले. परका माणूस यंत्र घेऊन आला आणि निघून गेला, असे झाले नाही. विश्वास बसतो तो अशाने.

आजची साधने त्याहून पुढची आहेत. हिवतापाचे निदान बोटातल्या थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत होते. सिकलसेलची प्राथमिक तपासणी गावात होऊ शकते. बॅटरीशिवाय, थेट उन्हावर चालणारे लसींचे फ्रिज आहेत. गोंडी-माडिया बोलणाऱ्यांचा बोलीचा प्रश्नही सुटू शकतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या फोनवरून गोंडीत तक्रार सांगायची आणि दुसऱ्यांची ऐकायची. जिथे तक्रार करायला फोन लागतो आणि कोणीतरी दखल घेते, तिथे तीच तक्रार बंदुकीकडे वळायची शक्यता कमी होते.

आरोग्यासाठी बंदुका थांबल्याचे दाखले जगातही आहेत. पिण्याच्या पाण्यातून होणारा नारू आठवतो? आपल्याकडच्या जुन्या पिढीने तो जंत पायातून निघताना पाहिला आहे. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत याच नारूसाठी जिमी कार्टर यांनी दोन्ही बाजूंना युद्धबंदीला राजी केले आणि ती जवळपास सहा महिने टिकली. पाणी गाळायचे कापड घरोघरी वाटण्यासाठी तोफा थांबल्या! एल साल्वाडोरमध्ये १९८५ मध्ये मुलांच्या लसीकरणासाठी लढाई थांबवली गेली.

याची उलटी बाजू तितकीच खरी आहे. ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने अबोटाबादमध्ये लसीकरण मोहिमेचा आडोसा घेतला. ते उघड झाल्यावर पाकिस्तानात पोलिओ लस देणाऱ्यांवरचा संशय वाढला, आणि २०१२ च्या अखेरीपासून त्यांच्यापैकी कित्येकांना, त्यात तरुण मुलींना, गोळ्या घातल्या गेल्या. गडचिरोलीत खबऱ्या हा शब्द कसा मरण घेऊन येत असे, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तिथे आशाताई मोबाइलवर घरोघरच्या नोंदी घेत असेल, तर त्या नोंदी पोलिसांच्या हाती कधीही जाणार नाहीत, असा लेखी आणि जाहीर नियम हवा, ही पहिली मागणी. तो राज्य सरकारने करावा, यासाठी आपल्या आमदारांना पत्र लिहा. विदर्भातल्या आमदारांनी तर हा प्रश्न विधानसभेत मांडलाच पाहिजे.

दुसरी मागणी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे. ग्रामीण आरोग्य केंद्रात फिरलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे असेल : कोपऱ्यात चादरीखाली झाकलेले प्राणवायूचे यंत्र, फिल्टर धुळीने बुजलेला, इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच गेलेली. नवे यंत्र दान करताना फोटो निघतो, बॅटरी बदलताना निघत नाही. नागपूर, चंद्रपूर, पुणे इथले बायोमेडिकल अभियंते, आयटीआयचे शिक्षक आणि विद्यार्थी, सौरपंप बसवणारे मिस्त्री यांनी पाऊस लागण्याआधी आठवडाभर वेळ काढावा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, कोरची, धानोरा या तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर जावे. जाल तेव्हा गावातल्या दोन पोरांना सोबत घ्या आणि हत्यारे त्यांच्या हातात द्या. त्यात एक आत्मसमर्पण केलेल्याच्या घरचा आणि एक दलमने मारलेल्याच्या घरचा असेल, तर त्या कामाचे मोल आणखी वाढेल. ही जोडी कोणी बळजबरीने लावू नये, दोन्ही घरांना विचारूनच लावावी.

पैसे देणाऱ्यांना विनंती : आधी केंद्राला विचारा काय हवे आहे. चाचणीच्या पट्ट्या, मच्छरदाण्या, बॅटऱ्या आणि तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च द्या. शहरातल्या रुग्णालयाने मोडीत काढलेले यंत्र तिकडे पाठवू नका. रक्तदान करा, सिकलसेलच्या रुग्णांना आणि बाळंतिणींना ते वर्षभर लागते. तरुण डॉक्टरांनो, सेवेचे वर्ष टाळण्याच्या वाटा शोधू नका, याच तालुक्यांत मागून घ्या आणि जाण्याआधी थोडी माडिया बोली शिका. तिथे पोहोचलात की पहिल्या आठवड्यात केंद्रातल्या प्रत्येक यंत्राची यादी करा. चालू किती, बंद किती, बंद का, हे गावाला वाचता येईल असे दारावर लावा आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेला पाठवा.