रशियन आत्मा आणि दहा हजार कार्डे

सोशिकपणा, करुणा, ऐहिक सुखाविषयीची अनास्था आणि पापाच्या तळाशीही जागी राहणारी ईश्वरनिष्ठा ही ‘रशियन आत्म्या’ची लक्षणे म्हणून सांगितली जातात. ही कल्पना बरीचशी साहित्यातून रुजलेली आहे. १८८० साली मॉस्कोमध्ये पुश्किनच्या पुतळ्याच्या अनावरणानिमित्त केलेल्या भाषणात दस्तयेव्हस्कीने इतर राष्ट्रांचे अंतरंग आपलेसे करण्याची क्षमता हा रशियन वृत्तीचा विशेष मानला आणि त्यातून रशियाचे जागतिक कार्यही सूचित केले.

त्यानंतर दहाच वर्षांनी चेकॉव्हने काय केले, हे त्या भाषणाशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. सैबेरियातून जाणारा लोहमार्ग तेव्हा नव्हता, आणि त्याची स्वतःची प्रकृतीही बरी नव्हती. तरीही तो साखालिन बेटावरच्या कैद्यांच्या वसाहतीत गेला, तीन महिने राहिला आणि झोपडीझोपडीत फिरून सुमारे दहा हजार कार्डे भरली. नाव, वय, धर्म, जन्मस्थळ, व्यवसाय, साक्षरता, आजार. राष्ट्राच्या आत्म्याविषयी त्या कार्डावर एकही रकाना नव्हता.

याद्या शासनसंस्थाही करते. १९३७ च्या जुलैमधील कुप्रसिद्ध ००४४७ क्रमांकाच्या आदेशात कोणत्या प्रांतात किती जणांना गोळ्या घालायच्या, याचे आकडे आधी ठरले होते. माणसे नंतर शोधली गेली. चेकॉव्हच्या कार्डाची दिशा नेमकी उलटी होती. तिथे माणूस आधी होता, आकडा नंतर आला.

‘मेमोरियल’ या संस्थेने हीच दिशा पुढे नेली. २००७ पासून दर २९ ऑक्टोबरला मॉस्कोतील लुब्यांका चौकातल्या सोलोव्हेत्स्की शिळेपाशी सामान्य नागरिक रांगेत उभे राहून ठार झालेल्यांचे नाव, वय, व्यवसाय आणि मृत्युदंडाची तारीख वाचत असत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. पुढे, युक्रेनवर आक्रमण झाले त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ‘पारंपरिक आध्यात्मिक आणि नैतिक मूल्यां’ची अधिकृत यादी जाहीर केली. तीत जीवन आणि प्रतिष्ठा आहेत, दया आहे, ऐतिहासिक स्मृतीसुद्धा आहे.

यावरून रशियन नीतिमूल्ये म्हणजे निव्वळ ढोंग, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. मूल्ये खरी आहेत. पण ती राष्ट्राच्या स्वभावात उपजत असतात, हे मात्र मला मान्य नाही. कुणीतरी एकटा माणूस, बहुधा गैरसोय सोसून आणि पुष्कळदा सत्तेची नाराजी पत्करून, त्यांचे पालन करतो तेवढ्यापुरतीच ती अस्तित्वात असतात. राष्ट्रीय स्वभावाचा गौरव सत्तेला सोयीचा असतो, कारण स्वभावाला कृतीचा पुरावा द्यावा लागत नाही. एखादे राष्ट्र आपल्या आत्म्याविषयी बोलू लागले की त्याला एवढेच विचारावे: मेलेल्यांची नावे मोठ्याने वाचण्याची मुभा तुमच्याकडे आहे काय?