फणसाचे झाड तोडण्यापूर्वी

फणस हा मूळचा पश्चिम घाटातील वृक्ष. झाडावर लागणाऱ्या फळांत याच्याएवढे वजनदार फळ दुसरे नाही. पंचवीस-तीस किलोचा फणस ही काही नवलाची गोष्ट नव्हे. वस्तुतः हे एक फळ नसून एका दांड्यावरील शेकडो फुलांचा एकजीव झालेला समूह होय. प्रत्येक गरा म्हणजे फळ धरलेले एकेक फूल. ज्या फुलांत फळ धरले नाही त्यांचाच चोथा होतो, आणि तो आपण गुरांपुढे टाकतो.

या वृक्षाची नर व मादी फुले निरनिराळ्या कणसांवर येतात, व परागण बहुधा परक्या झाडाकडून घडते. म्हणून आठळीपासून वाढलेले झाड आईसारखे निपजेलच असा भरवसा नाही. काप्याच्या पोटी बरका येतो, हे कोकणातील कोणीही सांगेल. केरळातील वरिक्का आणि कूळा हे भेदही याच प्रकारचे. परसातील प्रत्येक जुने झाड अशा रीतीने एक स्वतंत्र वाणच असते. ते तोडले की तो वाण कायमचा गेला.

भात किंवा गहू यांचे बी सुकवून उणे १८ अंश सेल्सिअस तपमानात वर्षानुवर्षे राखता येते. आठळीचे तसे नाही. ती सुकली की मरते, आणि ओलसर ठेवली तरी काही आठवड्यांपलीकडे सहसा टिकत नाही. तेव्हा फणसाची पेढी म्हणजे उभे झाडच; आणि त्याच्या पिवळ्या, वाळवीला सहजी न बधणाऱ्या लाकडाला गिऱ्हाईक मात्र बारमाही असते. बंगालमध्ये कोवळ्या फणसाला ‘गाछपाठा’, म्हणजे झाडावरचा बोकड, म्हणतात. एवढा मान सर्वत्र असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता!

केरळने २०१८ साली फणसाला राज्यफळाचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. तथापि दर्ज्याने झाड वाचत नाही. तोडीवर सरसकट बंदी घालावी, असेही आमचे म्हणणे नाही. उत्पन्न न देणारे झाड मालकाने कोणासाठी पोसावे? तोडण्यापूर्वी त्याच्या काड्या घेऊन कलमे बांधावीत, एवढेच मागणे आहे. कर्नाटकातील तुमकूरु जिल्ह्यात तांबूस-लाल गऱ्यांचे एक झाड होते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ते हेरले व ‘सिद्धू’ या नावाने त्याची कलमे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली. झाडाच्या मालकालाही त्यातून उत्पन्न मिळू लागले. अशी झाडे आणखी किती असतील, हे मोजल्यावाचून कसे कळावे?

ही मोजणी शाळांना सहज करता येण्याजोगी आहे. झाड कोठे आहे, कापा की बरका, गऱ्याचा रंग, पिकण्याचा महिना, एवढे टिपले तरी पुरे. मात्र फळ फोडल्यावाचून वाण कळत नाही. म्हणून नोंद हंगामातच व्हावयास हवी, आणि आपल्याकडे तर त्या दिवसांत शाळांना सुटी असते.